निकोबाची उजवी घागर

एका जंगलात, मुलांनो, एक मूर्ख राहत होता. गोष्टीतला मूर्ख कोण हे शेवटपर्यंत लपवून ठेवायची पद्धत आहे. पण माझं आता वय झालं. शेवट येईपर्यंत माझ्याच लक्षात राहील की नाही, कोण जाणे. म्हणून आत्ताच सांगून टाकतो. तो मूर्ख मी.

मी साळिंदर आहे. माझ्या पाठीवर काटे होते आणि मला लिहायची हौस होती. एक काटा उपटायचा, जांभळाच्या रसात बुडवायचा आणि लिहीत सुटायचं. काटे पुष्कळ होते, म्हणून मी पुष्कळ लिहिलं. त्यात वाचण्यासारखं किती होतं, हे कोणी मोजलं नाही. सगळे मला साळिंदरशास्त्री म्हणत.

आमचं जंगल फार लहान होतं. तुमच्या करंगळीच्या नखावर तसली हजारो मावली असती. हसू नका. तुम्ही शाळेला उशीर झाला म्हणून पळत सुटता ना, तेव्हा तुमच्या पोटऱ्यांत असल्याच जंगलांची, म्हणजे पेशींची, धावपळ चाललेली असते.

या जंगलात एक गाढव होतं. त्याचं कागदोपत्री नाव निकोटिनामाइड अडेनिन डायन्यूक्लिओटाइड. एवढं नाव घेऊन हाक मारेपर्यंत गाढव वळणापलीकडे दिसेनासं होई. म्हणून सगळे त्याला निकोबा म्हणत.

निकोबाच्या पाठीवर दोन घागरी असत. एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही एकाच कुंभाराच्या, एकाच मापाच्या, एकाच ओढ्यावर भरलेल्या. घागरींत खरं म्हणजे हायड्रोजन होता. पण हायड्रोजन म्हटलं की मुलं जांभया देतात, तेव्हा आपण पाणी म्हणू.

हे पाणी लागे सात घोरपडींना. जंगलातली सगळी कामं त्या सातजणी करीत. कोणी गूळ आटवी, कोणी मोहाची फुलं आंबवी, कोणी चरबी वितळवी. मोठी माणसं अशा कारागिरांना एन्झाइम म्हणतात. घोरपडींना हे ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून त्यांचं काही अडतही नव्हतं.

सातवी घोरपड सगुणा. ती काढा करी. रानकुत्री मागे लागली की हरणं पळत, आणि पळून पळून त्यांचे पाय भरून येत. मग ती सगुणाच्या दारात येऊन उभी राहत. ती वाटीभर काढा पाजी. काढा पोटात गेला की पाय पुन्हा उचलत. ज्या हरणाला वेळेवर काढा मिळाला नाही त्याची गोष्ट सांगायला ते हरीण उरत नसे.

प्रत्येक घोरपड खडकातल्या एका अरुंद घळीत राही. निकोबा तोंड पुढे करून घळीत शिरे. घोरपड एका घागरीतलं पाणी आपल्या हंड्यात ओती, घागर परत लटकवी, झाकण लावी आणि निकोबा मागे सरत सरत बाहेर येई.

आणि एके दिवशी माझ्या लक्षात आलं की प्रत्येक घोरपड एकाच बाजूची घागर घेते. आज डावी, उद्या उजवी असं नाही. जी डावी घेते ती जन्मभर डावीच घेते. जी उजवी घेते ती उजवीच. चुकून कधी दुसरी घेतली, असंही नाही.

माझ्या अंगावर काटा उभा राहिला. तो आधीपासून उभाच होता, पण त्या दिवशी जरा जास्त.

"निकोबा," मी विचारलं, "दोन्ही घागरींतलं पाणी सारखंच ना?"

"सारखंच, शास्त्रीबुवा."

"मग या एकाच बाजूची का घेतात?"

"आत गेलं की जिकडं चूल, तिकडची घेत्यात," निकोबा म्हणाला. "घळ लई चिंचोळी हाय."

मुलांनो, इथे गोष्ट संपायला हवी होती. पण उत्तर गाढवाने दिलं होतं. गाढवाचं उत्तर कोणी लिहून ठेवतं का? मी त्याच्या मानेवर थोपटलं, "बरं बरं" म्हटलं आणि संशोधनाला लागलो.

घळीत जाऊन पाहणं मला शक्य नव्हतं. तोंडं अरुंद, माझे काटे लांब. काटे मिटता येत होते म्हणा. पण मिटलेल्या काट्यांनी चारचौघांत वावरायचं म्हणजे पदवी घरी ठेवून सभेला जाण्यासारखं. म्हणून मी बाहेरच बसून एक युक्ती काढली. एका घागरीत पाण्याबरोबर मूठभर खडे टाकायचे, म्हणजे ती घागर जड होईल. जिच्या हंड्यात खडे सापडतील तिने ती घागर घेतली. ज्या हंड्यात सापडणार नाहीत तिने दुसरी घेतली. काय डोकं चाललं होतं माझं! निकोबा बाहेर आल्यावर झाकण उघडून कोणती घागर रिकामी झाली ते पाहता आलं असतं, हे मला पुढे बारा वर्षांनी सुचलं.

खडे मी नेहमी उजव्याच घागरीत टाकत असे. दोन पावसाळे हा प्रयोग चालला. गुळात खडे आले. मोहाच्या दारूत खडे आले. दोन सांबरांचे दात पडले. ती सांबरं तक्रार घेऊन आली तेव्हा मी त्यांची नावं पुस्तकात आभार म्हणून घालायचं कबूल केलं. पुढे घालायला विसरलो.

"शास्त्रीबुवा," निकोबा एकदा म्हणाला, "उजवीकडं लई ओढतंय. खडे एक दिस डावीकडं टाका की."

"प्रयोगात बदल करता येत नाही," मी म्हणालो.

तो उजवीकडे झुकून चालायला लागला.

दोन पावसाळ्यांनंतर सहा घोरपडींचा हिशोब लागला. चौघी उजवी घागर घेत होत्या, दोघी डावी. आता कारण शोधायचं होतं. मी आठ दिवस डोळे मिटून बसलो आणि नवव्या दिवशी मला दिसलं. ज्यांचं काम जड त्या उजवी घेतात, ज्यांचं काम हलकं त्या डावी घेतात! कोणाचं काम जड हे मी कसं ठरवलं, असं विचारू नका. जिने उजवी घेतली तिचं काम जड असणार, हे मला पाहताक्षणी कळत होतं.

मी एक तक्ता काढला. वर जड, खाली हलकं, मध्ये ठसठशीत रेघ. इतका देखणा तक्ता त्या जंगलात पूर्वी झाला नव्हता. मी तो झाडाला टांगला आणि येता-जाता त्याच्याकडे पाहून स्वतःशीच हसत असे.

सिंहमहाराजांपर्यंत बातमी गेली. महाराजांना घागरींत रस नव्हता. त्यांना सोहळ्यात रस होता. त्यांनी जाहीर केलं की वसंतपंचमीला साळिंदरशास्त्र्यांना शाल, नारळ आणि 'संशोधनमहर्षी' हे बिरुद देण्यात येईल.

राहिली होती फक्त सगुणा. मरणाच्या दारातलं हरीण उभं करायचं काम ती करत होती. याहून जड काम कोणतं? ती उजवीच घागर घेणार. मी तक्त्यात तिचं नाव शाईने आधीच लिहून टाकलं, आणि मग रीतसर खडे टाकून निकोबाला आत पाठवलं.

काढ्यात एकही खडा आला नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सगुणा डावी घागर घेत होती.

मी घळीच्या तोंडाशी जाऊन ओरडलो, "सगुणाबाई, तुम्ही चुकीची घागर घेताय!"

"काढा चुकला काय?" आतून आवाज आला.

"काढा बरोबर आहे."

"हरीण पडलं काय?"

"नाही."

"मग चुकलं काय?"

"माझा तक्ता चुकतोय," असं काही मला म्हणता येईना. वसंतपंचमीला चार दिवस राहिले होते. मी तडक महाराजांकडे गेलो. म्हणालो, सगुणाबाई अडाणी आहेत, त्यांना आपल्या कामाचं स्वरूप समजलेलं नाही, त्यांना सरकारी मार्गदर्शनाची गरज आहे. महाराज जेवत होते. त्यांनी हाडाने खूण केली आणि हुकूम निघाला: इथून पुढे निकोबाने सगुणाच्या घळीत उलटं शिरावं. शेपूट आधी, तोंड मागे. म्हणजे उजवी घागर आपोआप तिच्या हाताशी येईल आणि विज्ञानाची सोय होईल.

हुकूम ऐकून निकोबाने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"उलटं शिरायचं म्हणजे, शास्त्रीबुवा, मला आतलं काई दिसनार न्हाई."

"तुला पाहायचं काय आहे?" मी म्हणालो. "पाहायला मी आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी निकोबा उलटा आत शिरला. मी बाहेर काटा आणि जांभळाचा रस घेऊन बसलो. आधी खूर घासल्याचा आवाज आला. मग काहीतरी फुटल्याचा. मग चुलीवर पाणी पडल्याचा चर्र आवाज, आणि पाठोपाठ धुराचा लोट. खड्यांनी जड झालेली उजवी घागर खडकाच्या कंगोऱ्याला लागून फुटली होती. पाणी नि खडे सगळे चुलीत. निकोबा दचकून बाजूला सरला, तशी डावी घागर पलीकडच्या कपारीत जाऊन बसली, ती निघेना. घळीच्या तोंडात निकोबाचं डोकं दिसत होतं आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मी दाव्याला धरून ओढलं. तो हलेना.

तुम्ही म्हणाल, अडकलं तर अडकलं, एक गाढव. पण जंगलात गाढव एकच होतं. घटकाभरात गूळ आटवणारीची चूल विझवावी लागली, हंडा करपला. मोहाची फुलं आंबायची थांबली. सहाही घोरपडी आपापल्या दारात येऊन ओढ्याच्या वाटेकडे बघत उभ्या राहिल्या. एका घळीत गाढव अडकलं आणि सगळं जंगल अडकलं.

आणि उन्हं डोक्यावर आली तेव्हा टेकडीपलीकडून रानकुत्र्यांनी एकमेकांना घातलेल्या शिट्ट्या ऐकू आल्या.

पाच हरणं आली. त्यांतली एक गाभण चितळीण होती. तिचे चारही पाय लाकडासारखे ताठले होते. ती घळीपाशी आली, गाढवाच्या तोंडाकडे तिने पाहिलं आणि तिथेच बसली. काढा कुठे आहे, हेसुद्धा तिने विचारलं नाही. मला माझी लाज वाटली, मुलांनो. एवढं लिहिलं मी आयुष्यभर, पण हे वाक्य लिहायला तो दिवस यावा लागला.

आतून खोकत सगुणा ओरडली, "भायेर कोन हाय? डाव्या घागरीची दोरी कपारीत आवळलीया. माजा हात पोचत न्हाई. कुनीतरी तिकडच्या अंगानं आत घुसा आन् दोरी तोडा!"

हरणांना दोरी तोडता येत नाही. कुरतडायचे दात एकालाच होते. पण निकोबा आणि खडक यांच्यामध्ये वीतभर फट होती, आणि माझ्या पाठीवर हातभर काटे. मिटून घेतले असते तरी निम्मे त्याच्या बरगड्यांत रुतले असते.

मी खडकाला पाठ लावली आणि घासायला सुरुवात केली.

काटे गळाले. लांब पांढरे गळाले, आखूड काळे गळाले. ज्या काट्याने पुढचा तक्ता काढायचं ठरवून ठेवलं होतं तोही गळाला. आजवर न लिहिलेली कितीतरी पुस्तकं तिथे पायाशी पडली. जंगलाचं त्यात काही नुकसान झालं, असं पुढे कोणी म्हणालं नाही.

मग मी तुळतुळीत अंगाने निकोबाच्या बरगड्यांना लागून आत सरपटलो. दोरी सापडली. मी ती कुरतडली. तुटली तशी घागर खाली आली, निकोबाने एक हिसडा दिला आणि तो बाहेर गेला. उजेड आत आला.

जन्मात पहिल्यांदा मी घोरपडीची घळ आतून पाहिली.

ती एवढीशी होती. एका अंगाला चूल. चुलीपाशी जेमतेम एका घोरपडीला बसायला जागा. दुसऱ्या अंगाला नुसता खडक. गाढव तोंडाने आत आलं की चूल त्याच्या डावीकडे येत होती. सगुणाने हात पुढे केला की डावी घागर. उजवीपर्यंत जायचं तर तिला गाढवातून आरपार जावं लागलं असतं.

"जिकडं चूल तिकडची," मी पुटपुटलो.

"आता बसू नका!" सगुणा म्हणाली. "धाकल्या भनीकडनं इस्तू आना, पळा!"

मी पळालो. निकोबा ओढ्यावर पळाला. शेजारणीने दिलेल्या दोन घागरी त्याच्या पाठीवर होत्या आणि त्यांत एकही खडा नव्हता. मी विस्तव आणला, फुंकून फुंकून चूल पेटवली. निकोबा तोंड पुढे करून आत शिरला. सगुणाने डावी घागर ओतली. काढा उकळला. शिट्ट्या टेकडीच्या अलीकडे आल्या होत्या. पहिली वाटी चितळिणीला दिली. ती उठली, दोन पावलं धडपडली, आणि मग पाचही हरणं करवंदीच्या जाळीतून पार झाली. रानकुत्री आली तेव्हा तिथे एक गाढव, एक घोरपड आणि एक बोडकं साळिंदर बसलं होतं. आमच्याकडे हुंगून ती पुढे निघून गेली.

दम खाऊन झाल्यावर मी विचारलं, "सगुणाबाई, चूल याच बाजूला का घातली?"

"आईची हितंच व्हती."

"आणि आईने का घातली?"

"तिला म्या कशाला इचारू? कुटंतरी घालायचीच की चूल."

"पण त्या चौघींची चूल उजवीकडे आहे."

"त्या आमच्या आत्याच्या लेकी. आत्याची उजवीकडं व्हती. आन् डावीकडल्या दोगी माज्या भनी." तिने हात पुसले. "तुमी त्यो झाडाला तक्ता टांगलाय न्हवं, जड नि हलकं? आमी बघून आलो एक दिस. आमाला वाटलं, शास्त्रीबुवांनी आमच्या घराण्याची नावं लिवल्यात, लई झ्याक."

दोन पावसाळे मी एका नणंद-भावजयीच्या चुली मोजत होतो.

"एक इचारू?" सगुणा म्हणाली. "तुमी खडे उजवीच्याच घागरीत का टाकता?"

"मी ओढ्यावर बसतो ना, ती शिळा त्या बाजूला आहे."

"आन् शिळा तितं का?"

निकोबा बाहेर उभा राहून ऐकत होता. त्याच्या पाठीवर आता काहीच नव्हतं, तरी तो उजवीकडे झुकलेलाच होता.

वसंतपंचमीला मी सभेत गेलो, ते सगळं कबूल करायचं ठरवूनच. उभा राहिलो आणि म्हणालो, "महाराज, माझा सिद्धांत खोटा आहे. डावी-उजवीला काही कारण नाही. दोन्ही सारख्याच. पण चूल कुठेतरी घालावीच लागते, आणि एकदा घातली की लेकी तिथेच घालतात."

महाराजांनी आयाळ खाजवली.

"हासुद्धा सिद्धांतच का?" त्यांनी विचारलं.

आता मी 'नाही, हे सगुणाबाईंनी सांगितलं' असं म्हणायला हवं होतं. 'त्याआधी निकोबाने सांगितलं होतं' असंही म्हणायला हवं होतं. पण समोर शाल दिसत होती. नारळही चांगला मोठा होता.

"होय महाराज," मी म्हणालो. "नवा आहे."

टाळ्या झाल्या. एका जन्मात दोन सिद्धांत मांडणारा, त्यातला पहिला स्वतःच खोडणारा, असा माझा गौरव झाला. आधी सगळ्यांना काळजी होती की काट्यांवर शाल राहायची कशी. पण आता काटे नव्हते. शाल अगदी अंगाबरोबर बसली. सभेच्या कडेला निकोबा उभा होता. त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण गाढवाला वाजवता येत नाहीत. मी तसंच धरून चाललो आहे.

काटे पुन्हा उगवले, पण मी ते आता उपटत नाही. रोज सकाळी मी निकोबाबरोबर ओढ्यावर जातो. त्याच्या उजव्या बाजूने चालतो, कारण तो तिकडे झुकतो आणि उताराला त्याला कोणाचा तरी आधार लागतो. काटे मिटून घेतो. त्याला थोडे टोचतातच, पण तो काही म्हणत नाही. मी त्याची माफी मागितली का? रोज मागायचं ठरवतो. मग ओढा येतो आणि घागरी भरायच्या असतात.

अलीकडे नदीपलीकडून एक टिटवीबाई आल्या आहेत, फार विद्वान. त्या रोज दुरून आमच्याकडे बघतात आणि वाळूवर पायाने खुणा करतात. साळिंदर नेहमी गाढवाच्या उजव्याच बाजूने का चालतं, यावर त्यांचं संशोधन चालू आहे. कोणी म्हणतं त्याचा संबंध सूर्याशी आहे, कोणी म्हणतं वाऱ्याशी. परवा निकोबाने त्यांना आपण होऊन कारण सांगितलं. त्यांनी त्याच्या मानेवर पंखाने थोपटलं आणि "बरं बरं" म्हणाल्या.

तात्पर्य: मुलांनो, गाढवाला प्रश्न जरूर विचारावा, पण त्याचं उत्तर ऐकू नये. मी ऐकलं असतं तर माझं संशोधन त्याच सकाळी संपलं असतं, निकोबाची पाठ सरळ राहिली असती, आणि ही शाल आज दुसऱ्याच कोणाच्या अंगावर असती.